हात कुठे बसतो?

फेब्रुवारी उजाडला, की कचेऱ्यांमध्ये आणि कंपन्यांमध्ये प्रशिक्षणाचा मोसम सुरू होतो. अंदाजपत्रकात त्या नावाने ठेवलेली रक्कम शिल्लक असते आणि ती ३१ मार्चच्या आत संपवायची असते. मग शहराबाहेरचे एखादे हॉटेल ठरते. गळ्यात अडकवायची नावपट्टी, एक पॅड, एक पेन आणि चकचकीत फोल्डर यांची व्यवस्था होते. बाहेरगावाहून आलेले वक्ते पडद्यावर बाण आणि वर्तुळे दाखवतात, जेवणानंतरच्या सत्रात निम्मे डोळे मिटतात आणि शेवटी प्रमाणपत्रे वाटून सगळ्यांचे एक छायाचित्र काढले जाते. सोमवारी मंडळी आपापल्या टेबलाशी परततात. दोन दिवसांचे तुंबलेले काम तिथे वाट पाहत असते. ते उपसायला जुनीच पद्धत कामी येते, कारण नवी करून पाहायला उसंत नसते. फोल्डर कपाटात जाते. करोनाच्या काळापासून यात आणखी एका प्रकाराची भर पडली आहे. संगणकाच्या पडद्यावर धडा येतो, आपण फोनवर बोलता बोलता ‘नेक्स्ट’ची कळ दाबत राहतो आणि अर्ध्या तासात ‘आपण उत्तीर्ण झालात’ असा मजकूर झळकतो.

या प्रकाराची टिंगल करणारे जुने लोक प्रत्येक कचेरीत असतात. ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती. पाण्यात ढकलून दिलं, की पोहता येतंच,’ असे ते सांगतात. ऐकायला हे मर्दानी वाटते. पण असे सांगायला जे येतात ते तरलेले असतात. बुडालेले आपली हकीकत सांगायला येत नाहीत.

सभागृहात बसवून शिकवणे आणि न शिकवताच कामाला जुंपणे, या दोन टोकांच्या मध्ये एक जुनी आणि साधी वाट आहे. रोजचे काम चालू असतानाच, त्या कामाच्याच वेळेत, कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवायचे. मराठीत त्यासाठी किती नेमका शब्द आहे पाहा. एखाद्याला काम चांगले जमू लागले, की आपण ‘आता त्याचा हात बसला’ असे म्हणतो. डोके बसले किंवा कान बसले असे कोणी म्हणत नाही. आणि हात बसतो तो लेथवर, तव्यावर, शिरेत सुई घालताना, खतावणीत नोंद करताना. सभागृहाच्या खुर्चीत तो बसत नाही. मात्र तो आपोआप बसतो असे मानणे हीही तितकीच मोठी चूक आहे.

घरातलेच उदाहरण घेऊ. गणेश चतुर्थीला उकडीचे मोदक वळायला नवखे कोणी बसले, की अनुभवी बाई सांगते, ‘हलक्या हाताने वळ गं.’ हा सल्ला खरा असला तरी निरुपयोगी आहे. हलका हात म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला तो सल्ला लागतच नाही. तीच बाई जर म्हणाली, ‘बोटे आधी तेल-पाण्यात बुडव, नाहीतर उकड चिकटते आणि कळी फाटते, कडा पातळ कर पण बूड जाड राहू दे, नाहीतर सारण वाफेत बाहेर येईल,’ तर चौथ्या-पाचव्या मोदकाला नवख्याचा चेहरा खुलतो. काय करायचे, त्यात कुठे सांभाळायचे आणि का सांभाळायचे, या तीनच गोष्टी असतात. पण सांगणाऱ्याला त्या स्वतःच्या हातातून सोडवून घ्याव्या लागतात. तीस वर्षे मोदक करणाऱ्या बाईला आपण बोटे का भिजवतो हे आठवावे लागते. चांगले काम करणारा माणूस चांगले शिकवतोच असे नाही, ते यामुळेच.

ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर, अगदी निकडीच्या वेळी, एकदा पद्धतशीरपणे करून पाहिली गेली आहे. दुसरे महायुद्ध युरोपात पेटले होते आणि अमेरिका शस्त्रनिर्मितीला लागली होती, त्या १९४० मधली ही हकीकत. दुर्बिणी आणि बंदुकीचे नेम धरण्याची उपकरणे यांच्यासाठी काचेची भिंगे घासणारे कारागीर हवे होते आणि ते मिळत नव्हते. भिंग घासण्याचे पूर्ण काम शिकायला पाच वर्षे लागतात, असा धंद्यातला दंडक होता. युद्ध पाच वर्षे थांबणार नव्हते. तेव्हा काही जाणत्या माणसांनी कारखान्यात जाऊन त्या कारागिराचा दिवस बारकाईने पाहिला. त्यात असे दिसले, की ‘भिंग घासणे’ या एका नावाखाली पुष्कळ वेगवेगळी कामे दडलेली आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच कामांना मुरलेल्या हाताची गरजच नाही. ती बाजूला काढली. खऱ्या कसबाची जी थोडी उरली, ती एकेक करून कशी शिकवायची याची पद्धत ठरवली. पाच वर्षांची उमेदवारी काही महिन्यांवर आली.

यातून ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची सरकारी मोहीम उभी राहिली. तिची खुबी अशी, की तिने कामगारांना शिकवायचे वर्ग काढलेच नाहीत. तिने मुकादम, फोरमन आणि पर्यवेक्षक यांना ‘कसे शिकवावे’ हे शिकवले, तेही दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत. पहिल्याच बैठकीत विजेच्या दुपदरी तारेची एक गाठ बांधायची असे. शिक्षक एका फोरमनला पुढे बोलावून ती गाठ कशी बांधायची हे नुसते तोंडाने सांगे. त्याला ती जमत नसे. दुसऱ्याला बोलावून, एक शब्दही न बोलता, फक्त बांधून दाखवी. त्यालाही जमत नसे. वीस-वीस वर्षे माणसांकडून काम करून घेतलेले फोरमन त्या वीतभर तारेपुढे ओशाळून उभे राहत. मग शिक्षक तिसऱ्याला एकेक टप्पा दाखवत, सांगत, कारण देत, त्याच्याकडून करून घेत शिकवी आणि गाठ बसे. रोज आपण दुसऱ्याला असेच, अर्धे सांगून किंवा नुसते दाखवून सोडून देतो, हे त्यांना व्याख्यानाशिवाय कळे.

पद्धत चार पायऱ्यांची होती. नव्या माणसाची भीड मोडायची आणि त्याला काय येते ते विचारायचे. काम टप्प्याटप्प्याने दाखवायचे. त्याच्याकडून करवून घेताना त्यालाच कारणे बोलायला लावायची. मग त्याला एकट्याला सोडायचे, पण अडल्यास कोणाला विचारायचे ते सांगून, आणि आधी वरचेवर, पुढे हळूहळू कमी फेऱ्या मारून. या पायऱ्यांचे मूळ पहिल्या महायुद्धातले होते. चार्ल्स ॲलन यांनी जहाजबांधणीच्या कामगारांसाठी ती बांधणी केली आणि १९१९ मध्ये पुस्तकात मांडली होती. मोहिमेने त्यांना एका पुठ्ठ्याच्या कार्डावर आणले, फोरमनच्या खिशात मावेल असे. आणि एक वाक्य सर्वांच्या मनावर ठसवले, त्याचा आशय असा, की शिकणाऱ्याला आले नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही. १९४५ मध्ये मोहीम गुंडाळली तोवर १६ हजारांहून अधिक कारखान्यांतल्या सुमारे साडेसतरा लाख माणसांनी तिचे धडे पुरे केले होते. कारखान्याचे तोंडही न पाहिलेल्या लाखो बायका त्या काळात जहाजांना रिव्हेट मारू लागल्या, विमानांचे सांगाडे जोडू लागल्या. त्यांच्या जिद्दीइतकाच त्या कार्डाचाही त्यात वाटा होता.

युद्ध संपल्यावर अमेरिकेने ही विद्या बव्हंशी विसरून टाकली. जपानने ती उचलली. टोयोटा कंपनीने १९५० च्या दशकात ती आपल्या कामाच्या रीतीत अशी मुरवली, की पुढे लोकांना ती जपानीच वाटू लागली. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून कॅलिफोर्नियात फ्रीमाँट इथला बंद पडलेला मोटार कारखाना पुन्हा सुरू केला, तेव्हा तीच विद्या जपानी वेष घालून माहेरी परतली. तिथे कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असे. काही अडले, चुकले, शंका आली, की ती ओढायची. गटप्रमुख धावत येई. रागवायला नव्हे, मदतीला. तेवढ्यात सुटले तर ठीक, नाही तर पट्टा थांबे. तासाला कितीतरी मोटारी बाहेर पडणाऱ्या कारखान्यात कोणाही कामगाराला पट्टा थांबवू देणे म्हणजे पैशाचा चुराडा, असे कोणाही हिशेबनीसाला वाटेल. पण प्रत्येक अडचण ही तिथल्या तिथे मिळालेली शिकवणी असे.

आता कोणी म्हणेल, की यात नवे ते काय? आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोक कामावरच शिकत आले. खरे आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला पोरगा गावातल्या किंवा नात्यातल्या कोणाचा तरी हात धरून गिरणीत शिरे. त्याच्या साच्याशेजारी उभा राहून, तुटलेला धागा जोडत, पाहून पाहून शिके. बदलीवर लागे, मग कधी तरी कायम होई. शाळा नव्हती, प्रमाणपत्र नव्हते, आणि तरी त्या हातांनी अर्ध्या देशाला कापड पुरवले. या गोष्टीचा अभिमान रास्तच आहे. पण त्या अभिमानात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्याचा हात धरायला गिरणीत कोणी नव्हते, त्याचे काय होई?

त्याचे उत्तर इतिहासात नोंदलेले आहे. गिरण्यांत विणाई खात्याचे काम जास्त पगाराचे होते आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना शिरकाव नव्हता. कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे; तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार म्हणून बाटण्याचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे उभा केला. तोंडाने धागा ओढणे ही आरोग्याच्या दृष्टीनेही वाईट रीत होती, ती बदलता आली असती, हा मुद्दा वेगळाच. सांगायचे ते असे, की शिकवणे हे जेव्हा कोणाचेच नेमून दिलेले काम नसते, तेव्हा ते मर्जीचे काम होते, आणि मर्जी आपल्या माणसांवर असते. आपल्या जातीच्या, गावच्या, ओळखीच्या. आजही पुष्कळ कचेऱ्यांत नव्याने लागलेल्या मुलीला महत्त्वाची गोष्ट कोणी शिकवत नाही, कारण ती गोष्ट चहाच्या टपरीवर पुरुषमंडळींत बोलली जाते. कोणी मुद्दाम कट केलेला नसतो. फक्त तिला सांगणे हे कोणाच्या कामात लिहिलेले नसते.

शिवाय वस्तादाने एक डाव राखून ठेवावा, असे आपल्या तालमीतले तत्त्वज्ञान आहे. त्याला हसण्यात अर्थ नाही. ज्याची नोकरी त्याच्या हातातल्या कसबावर टिकून आहे आणि ज्याच्या जागी उद्या निम्म्या पगारात कंत्राटी पोरगा उभा केला जाणार आहे, त्याने ते कसब फुकट वाटून द्यावे ही अपेक्षा मालकाला शोभत नाही. फोरमनचेही तसेच. महिनाअखेरीस त्याला नग विचारले जातात. तासभर नव्या मुलाशेजारी उभे राहिल्याने वीस नग कमी झाले, तर बोलणी तोच खाणार. शिकवण्याच्या तासाची नोंद कुठल्याच वहीत नसते आणि कमी पडलेल्या नगांची मात्र असते, तोवर ‘ज्येष्ठांनी कनिष्ठांना मार्गदर्शन करावे’ अशी परिपत्रके भिंतीवर पिवळी पडत राहणार.

न शिकवण्याची किंमत कोणी तरी मोजतोच. टोरांटोच्या इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ या संस्थेने दीर्घकाळ दाखवून दिले आहे, की नोकरीच्या पहिल्या महिन्यातल्या कामगाराला इजा होण्याचा धोका वर्षाहून जास्त काळ तेच काम करणाऱ्याच्या तिपटीहून अधिक असतो. आपल्याकडे सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या अपघातांवर २०१९ पासून अहवाल काढते आहे. सुरुवात हरियाणातल्या गुरुग्राम-फरिदाबाद पट्ट्यापासून झाली. त्या अहवालांत पॉवर प्रेस हे यंत्र पुन्हा पुन्हा येते आणि त्याखाली चिरडलेली बोटे येतात. हेल्पर म्हणून भरती झालेला मुलगा, कागदावर हेल्परच राहून, प्रत्यक्षात प्रेसवर बसवलेला असतो. सुरक्षेचा सेन्सर बंद असतो किंवा नसतोच. जो हात बसायचा, तोच जातो. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या औद्योगिक वसाहतींतही प्रेस आहेत आणि कंत्राटी मुलेही आहेत, तेव्हा हे दूरच्या राज्यातले दुखणे म्हणून सोडून देता येत नाही.

कायदा नाही असे नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमदुरुस्तीनंतर ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक आहे. उमेदवाराने आपल्या कामाची वही ठेवावी, अशी त्यात तरतूद आहे. ही वही हा फार शहाणपणाचा भाग आहे आणि म्हणूनच बहुधा तिची सर्वांत जास्त हेळसांड होते. महिन्याच्या शेवटी एका बैठकीत तीस दिवस भरून टाकले, वर सही घेतली, की झाले. घरात आयटीआय किंवा पदविका झालेला मुलगा नाहीतर मुलगी पहिल्यांदा कामावर जाऊ लागली, की आपण विद्यावेतन किती, बस आहे का, कँटीन बरे आहे का, हे सगळे विचारतो. त्याबरोबर ती वहीही पाहायला मागावी. सहा महिने एकच ओळ खाली खाली उतरवलेली दिसली, तर तो मुलगा उमेदवारी करत नसून स्वस्तात मजुरी करतो आहे, हे आईवडिलांना कळायला तज्ज्ञ लागत नाही.

शिकवणे कामात विणले म्हणजे काय होते, याचे उत्तम उदाहरण कारखान्यातले नाहीच. ते जामखेडचे आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये त्या दुष्काळी तालुक्यात गेले. खेड्यात शिकलेल्या परिचारिका ठेवून त्यांनी पाहिले. त्या गावात रुजल्या नाहीत. मग गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करायचे ठरले. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. अशा बाईला सहा महिने वर्गात बसवणे शक्यच नव्हते. शेत, गुरे, मुले कोण पाहणार? म्हणून त्या दर आठवड्याला जामखेडला येत, राहत, एखादीच गोष्ट शिकत आणि परत जात. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, एवढेच समजा एका आठवड्याला. पुढचे सात दिवस ते गावात करायचे. पुढच्या खेपेला येताना प्रश्न घेऊन यायचे: अमक्या घरात सासूने पाणी पाजू दिले नाही, तमक्या पोराने ओकून टाकले. धडा पुस्तकातून निघण्याऐवजी त्या प्रश्नांतून निघे. एकीची अडचण दुसरीने सोडवलेली असे. तिला ते सांगताना, आपल्यालाही शिकवता येते हा शोध लागे.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार त्या गावांत १९७१ मध्ये जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत. पाच वर्षांत तो आकडा पन्नाशीच्या आसपास आला. पाणी, अन्न, लसीकरण अशी त्याची अनेक कारणे आहेत, सगळे श्रेय शिकवण्याच्या रीतीला देणे भाबडेपणाचे ठरेल. पण ती लस टोचून घ्यायला आईला राजी करणारी, ते पाणी उकळायला लावणारी बाई गावातच होती आणि तिचा हात तिथेच बसलेला होता. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गिरणीच्या विणाई खात्यात जिला कोणी उभे केले नसते, अशा बाईकडे या व्यवस्थेत सवर्णांच्या घरची बाळंतपणे विश्वासाने सोपवली गेली, ही गोष्ट त्या पुरस्काराइतकीच मोठी मानायला हवी.

आपल्या सरकारी कारभाराला हे जमण्याजोगे आहे का? एका ठिकाणी तरी करून पाहायला हरकत नाही. महाराष्ट्रात ३१ मे या तारखेला निवृत्त होणाऱ्यांची संख्या दरवर्षी डोळ्यांत भरण्याइतकी मोठी असते. त्याचे कारण मजेदार आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली, की मास्तर १ जून लिहून टाकत. त्या मास्तरांच्या कृपेने एकेका खात्यातून एकाच संध्याकाळी जाणत्या माणसांचा तांडा बाहेर पडतो. शाल, श्रीफळ, दोन भाषणे, आणि १ जूनला त्याच्या खुर्चीत कोणी तरी येतो, किंवा वर्ष-दोन वर्षे कोणीच येत नाही. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातला चावीवाला घ्या. कोणती चावी किती आटे फिरवली म्हणजे टेकडीवरच्या आळीत पाणी चढते, कोणत्या चौकाखाली जुनी बिडाची वाहिनी आहे आणि उन्हाळ्यात ती कुठे दगा देते, हे नकाशावर नसते. ते त्याच्या हातात असते.

त्याची निवृत्तीची तारीख खात्याला तो नोकरीला लागला त्या दिवसापासून ठाऊक आहे. तेव्हा त्याच्या जागी येणारा माणूस आदल्या डिसेंबरातच नेमून सहा महिने त्याच्याबरोबर पहाटे चावीवर पाठवायला कसली अडचण आहे? दोघांचा पगार एकाच पदावर पडतो, असा आक्षेप लेखा विभाग घेईल. तो खर्च प्रशिक्षणाच्या नावाखाली टाकावा. हॉटेलच्या सभागृहावर खर्च करायचे पैसे त्या शीर्षाखाली आहेतच. आणि त्या सहा महिन्यांत म्हाताऱ्याने रोज एक चावी नव्या माणसाच्या हातात द्यावी, आपण बाजूला उभे राहावे, आणि वरच्या आळीत पाणी आले का हे पाहायला त्यालाच सायकलवरून पाठवावे.